सोन्याचे नॅनोकण लाल राहावेत म्हणून: लिगंड कोणता, किती आणि कोणत्या क्रमानं

प्रश्न थोडक्यात असा: सायट्रेट पद्धतीनं बनवलेले १३ ते १५ नॅनोमीटरचे सोन्याचे कण बाटलीत महिनाभर लाल राहतात. त्यांत मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्ल (पुढे एमयूए) घातलं की काही मिनिटांत द्रावण जांभळं पडतं. थायोल-पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी, टोकाला सोन्याला धरणारा गंधकाचा गट, म्हणजे थायोल) घातलं तर लाल राहतं, पण पीबीएस (मीठ असलेल्या फॉस्फेट) बफरमध्ये टाकल्यावर तासाभरात निळं होतं. मग लिगंड (कणाच्या पृष्ठभागावर बसून त्याला झाकणारा रेणू) बदलायचा की मात्रा वाढवायची?

दोन्ही लिगंड बरोबर आहेत. एमयूएच्या बाबतीत क्रम चुकतोय आणि पेगच्या बाबतीत हिशेब, किंवा बाटलीतला थायोल आधीच मेलेला आहे. मात्रा आंधळेपणानं दहापट करून पेगचं कदाचित निभावेल. एमयूएचं नाही, ते उलट लवकर बिघडेल.

आधी सायट्रेट काय करतं ते पाहू. सोन्याला तो घट्ट धरून बसत नाही, पृष्ठभागावर ये-जा करत राहतो. त्याच्या ऋणभारामुळे कण एकमेकांना दूर ठेवतात, एवढंच. हे भाराचं कुंपण किती लांब पोचतं ते द्रावणातल्या क्षारावर ठरतं. पाण्यात २५ अंशांना एक-एक भाराचा क्षार १ मिलिमोलार असेल तर कुंपण साधारण ९.६ नॅनोमीटर, १० मिलिमोलारला ३, आणि पीबीएसच्या १५० मिलिमोलारला जेमतेम ०.८ नॅनोमीटर. उरलेल्या सायट्रेटमुळे तुमच्या सोलमध्ये (कण तरंगत असलेल्या द्रावणात) ते आधीच दोन-तीन नॅनोमीटरवर आलेलं असतं. सोन्यासोन्यातलं व्हॅन डर वाल्स आकर्षण बऱ्याच पदार्थांपेक्षा जबर आहे, त्यामुळे ०.८ नॅनोमीटरच्या कुंपणाला ते जुमानत नाही. कण चिकटतात, त्यांचे प्लाझमॉन (कणाला रंग देणारी इलेक्ट्रॉनांची एकत्रित कंपनं) जोडले जातात आणि रंग निळा होतो. एकदा सोनं सोन्याला भिडलं की ते परत सुटत नाही. पाणी घालून, सोनिकेटरमध्ये धरून लाल रंग परत आलाच, तर कण खरोखर भिडलेले नव्हते, जवळ आले होते एवढंच म्हणायचं.

यातून पुढचं सगळं निघतं. सायट्रेट काढून थायोल बसवणं म्हणजे जुनं कुंपण पाडून नवी भिंत बांधणं. त्या मधल्या काळात कण क्षणभरही उघडा पडता कामा नये. बहुतेक अपयशं त्या मधल्या काळात होतात. दोष मात्र लिगंडला दिला जातो.

आता हिशेब. नेहमीची कृती धरू: ५० मिली पाण्यात १९.७ मिलिग्रॅम क्लोरोऑरिक आम्ल (ट्रायहायड्रेट), म्हणजे १ मिलिमोलार. खळखळून उकळत आणि जोरात ढवळत असताना ५ मिली ३८.८ मिलिमोलार ट्रायसोडियम सायट्रेट (डायहायड्रेट, ५७ मिलिग्रॅम) एका दमात ओतायचं. पिवळा रंग जातो, मग करडा-जांभळा आणि काही मिनिटांत पातळ कोकम सरबताचा लाल. आणखी १०-१५ मिनिटं उकळी ठेवून ढवळतच गार करायचं. यातून साधारण १३ नॅनोमीटरचे कण मिळतात. हे मूळ तंत्र टर्केविच आणि सहकाऱ्यांचं, १९५१ सालचं. सायट्रेटचं प्रमाण बदलून आकार बदलता येतो हे १९७३ मध्ये फ्रेन्सनं दाखवलं.

सगळं सोनं धातूत आलं असं धरलं तर ५५ मिलीत ०.९१ मिलिमोलार सोनं आहे. १३ नॅनोमीटरच्या एका गोळ्यात सुमारे ६८ हजार अणू बसतात. भागाकार केला की कणांची संहती १३ नॅनोमोलारच्या जवळ येते. ताळा यूव्ही-व्हिजवर (प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर) करा: १३ नॅनोमीटरसाठी मोलर शोषणांक २.७ गुणिले १० चा आठवा घात धरतात, म्हणजे ५२० नॅनोमीटरला शोषण साधारण ३.६ यायला हवं. इतकं शोषण थेट मोजू नका, पाचपट पातळ करून मोजा. दुसरा ताळा ४०० नॅनोमीटरचा: तिथे ०.५ मिलिमोलार सोन्याला सुमारे १.२ शोषण येतं आणि ते आकारावर फारसं अवलंबून नसतं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आकार तुम्हाला वाटतो तो नाही किंवा सोनं पूर्ण उतरलेलं नाही. पुढचा लिगंडचा हिशेब करायच्या आधी हे सोडवा.

एका कणाचं क्षेत्रफळ ५३१ चौरस नॅनोमीटर. साध्या अल्किल थायोलचा एक रेणू सपाट सोन्यावर ०.२१ चौरस नॅनोमीटर जागा घेतो, म्हणजे एका कणावर सुमारे २,५०० रेणू. एक मिली सोलमध्ये १३ पिकोमोल कण आहेत, त्यांना पूर्ण झाकायला ३३ नॅनोमोल थायोल लागतो. ५,००० रेणुभाराच्या पेगची साखळी फुगून बसते, तिला चौरस नॅनोमीटरला साधारण एक रेणू धरा. एका मिलीला ७ नॅनोमोल पुरतात. हे ‘पुरतात’ पूर्ण झाकण्यापुरते आहेत. प्रत्यक्षात पाच ते दहापट घालायचं, कारण बांधणी समतोलाची असते आणि गर्दी असेल तरच भिंत दाट होते.

शोधनिबंधात ‘प्रति कण १०,००० थायोल’ असं वाचून तो आकडा आपल्या कणांना लावणं ही फार वरचेवर दिसणारी चूक. त्यांचा कण ४० नॅनोमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ तुमच्या कणाच्या साडेनऊ पट आहे. उलट सोन्याचं वजन तेवढंच ठेवून कण ५ नॅनोमीटरचे केले तर एकूण पृष्ठभाग अडीच पटीहून जास्त होतो. मात्रा नेहमी चौरस नॅनोमीटरमागे मोजा. मिलीमागे किंवा कणामागे मोजलेला आकडा दुसऱ्याच्या वहीतून आपल्या वहीत येत नाही.

पेगकडे वळू. पहिली शंका पेगच्या बाटलीवर घ्या. थायोल हवेत ऑक्सिडाइझ होऊन दोन रेणूंचं डायसल्फाइड बनतं. डायसल्फाइड सोन्यावर बसतं (१९८३ मध्ये नझो आणि अलारा यांनी सोन्यावर सुबक एकरेणवीय थर दाखवले ते डायसल्फाइडचेच), पण ५,००० च्या दोन साखळ्या जोडलेलं अवजड डायसल्फाइड हळू बसतं आणि भिंत विरळ राहते. विरळ भिंत पाण्यात लाल दिसते आणि पीबीएसमध्ये तासाभरात कोसळते. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे. बाटली उणे २० अंशांत, आर्गनखाली ठेवा. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. पावसाळ्यात मुंबईत थंड बाटली उघडली की आत दव धरतं आणि पेग पाणी ओढतं. द्रावण त्याच दिवशीचं ताजं हवं. फ्रिजमध्ये ‘गेल्या आठवड्यातलं १ मिलिमोलार’ असेल तर ते टाकून द्या.

शंका फेडायला जिवंत थायोल मोजणारी एलमन चाचणी करा, अर्धा तास लागतो. पीएच ८ च्या ०.१ मोलार फॉस्फेट बफरमध्ये (१ मिलिमोलार ईडीटीए घालून) डीटीएनबी (थायोल भेटला की पिवळं होणारं रसायन) विरघळवा, त्यातले ९५० मायक्रोलिटर घ्या, ५० मायक्रोलिटर पेग द्रावण टाका, १५ मिनिटांनी ४१२ नॅनोमीटरला वाचा, कोऱ्या नमुन्याचं शोषण वजा करा. शोषणांक १४,१५० आहे, म्हणून १ मिलिमोलार पेग पूर्ण जिवंत असेल तर ०.७१ यायला हवं. ०.३५ आलं तर अर्धा माल मेलेला. टीसीईपीनं (डायसल्फाइड तोडणाऱ्या रसायनानं) तो परत जिवंत करता येतो, पण मग टीसीईपी गाळून काढावा लागतो. त्याच कामाचं डीटीटी मात्र वापरू नका: त्याला स्वतःला दोन थायोल आहेत, तोच सोन्यावर जाऊन बसतो आणि तुमच्या पेगला जागा देत नाही.

आता कृती. ५ मिलिग्रॅम मेथॉक्सी-पेग-थायोल (५,०००) एका मिली पाण्यात, म्हणजे १ मिलिमोलार. सोनं १ मिली, त्यात हे ५० मायक्रोलिटर. म्हणजे ५० नॅनोमोल, गरजेच्या सातपट. पेग टाकताना सोल फिरता असू द्या, नाहीतर थेंब पडतो तिथल्या कणांना भरपूर मिळतं आणि बाकीच्यांना कमी. दोन तासांत बराचसा बसतो, रात्रभर ठेवलं तर उत्तम. या काळात मीठ, बफर, काहीही घालायचं नाही. बफर लागेलच तर भिंत उभी राहिल्यावर, आणि तोही आधी ५-१० मिलिमोलार. ‘पेग आणि पीबीएस एकदमच घालू, वेळ वाचेल’ यात कुंपण आधी पडतं आणि भिंत नंतर येते.

पेग बसलं की नाही हे पाहायला मिठाची चाचणी करा. १ मिली सोलमध्ये १०० मायक्रोलिटर १० टक्के मीठ, म्हणजे शेवटी सुमारे ०.१५५ मोलार. कोरे सायट्रेट कण काही सेकंदांत निळे पडतात. पेगवाले दुसऱ्या दिवशीही लाल राहायला हवेत. ही चाचणी नवी नाही: १९०१ च्या सुमारास झिग्मोंडीनं ‘सुवर्णांक’ ठरवला तो हाच. १० मिली सोन्याचा सोल, १ मिली १० टक्के मीठ, आणि लाल रंग टिकवायला जिलेटिनसारखा रक्षक किती मिलिग्रॅम लागतो तो आकडा. त्याला १९२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रमाण तेव्हाही दहास एक होतं, आजही तेच चालतं. सहा कुप्यांत पेगची वाढती मात्रा (०, २, ५, १०, २५, ५० मायक्रोलिटर) घालून, तासभर थांबून, मीठ टाका. कुठल्या कुपीपासून लाल टिकतं ते डोळ्यांनीच दिसतं; त्या मात्रेच्या तिप्पट ही तुमच्या कणांची, तुमच्या बाटलीची खरी मात्रा. वरचा सगळा हिशेब फक्त मात्रांची ही शिडी कुठून कुठवर लावायची ते ठरवायला आहे.

एमयूएची गोष्ट वेगळी आहे. ते एका टोकाला थायोल, दुसऱ्या टोकाला कार्बोक्सिल आणि मध्ये दहा मिथिलीनची तेलकट साखळी. पाण्यात ते नीट विरघळत नाही म्हणून इथेनॉलमध्ये करून टाकतात. तुमच्या सोलचा पीएच सहाच्या आसपास किंवा खाली असतो. एकट्या कार्बोक्सिलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट भारित असतात तो) पाचच्या जवळ असला तरी पृष्ठभागावर शेजारी शेजारी दाटीनं बसलेले कार्बोक्सिल एकमेकांचा भार सहन करत नाहीत, म्हणून तिथे तो सहा-सातच्या पुढे सरकतो. थोडक्यात, एमयूए बसायला लागलं की सायट्रेट जातो आणि त्याच्या जागी जवळजवळ भाररहित, तेलकट, एकमेकांशी हायड्रोजन बंध करणारी टोकं येतात. कण भिडणारच. आणि एमयूए जास्त घातलं की हे सगळं जास्त वेगानं होतं.

दोन गोष्टी केल्या की हे थांबतं: तात्पुरतं पांघरूण आणि आम्लारी पाणी. १ मिली सोलमध्ये १० टक्के ट्वीन-२० या भाररहित साबणी पदार्थाचे १० मायक्रोलिटर घाला, अर्धा तास फिरवा. ट्वीन सोन्याला घट्ट धरत नाही, पण त्याच्या पेगच्या शेपट्या कणांना अंतरावर ठेवतात. मग सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच १०.५ ते ११ करा. इथे एक बारीक सापळा: पीएच मीटरचा इलेक्ट्रोड थेट सोलमध्ये बुडवू नका. त्याच्या संदर्भ भागातून पोटॅशियम क्लोराइड झिरपतं, काचेवर सोन्याचा पातळ थर धरतो आणि दोन्ही बिघडतात, सोल आणि इलेक्ट्रोड. एक थेंब काढून पट्टीवर पाहा. त्यानंतर इथेनॉलमधल्या १० मिलिमोलार एमयूएचे (२.२ मिलिग्रॅम प्रति मिली) २० मायक्रोलिटर, चार हप्त्यांत, ढवळत. म्हणजे २०० नॅनोमोल, गरजेच्या सहापट. रात्रभर ठेवा. धुताना साधं पाणी नको, ५ मिलिमोलार बोरेट (पीएच ८.५ ते ९) त्यात ०.०१ टक्के ट्वीन. यानंतरही हे कण आम्लात जगत नाहीत: पीएच सहाखाली नेले की परत जांभळे. यात तुमची काही चूक नाही, एमयूए असंच वागतं.

याच कारणानं एक पुढची अडचण आधीच सांगतो, कारण बहुतेक जण एमयूए घेतात ते पुढे ईडीसी-एनएचएसनं (कार्बोक्सिलला प्रथिनाशी बांधून देणाऱ्या रसायनांच्या जोडीनं) प्रथिन जोडायला. ईडीसी कार्बोक्सिलचा ऋणभार काढून घेतं, साधं एनएचएस एस्टर भाररहित असतं, आणि वापरलेला एमईएस बफर ५.५ ते ६ चा. तीनही गोष्टी एकाच दिशेनं ढकलतात. नुसत्या एमयूएवर उभे असलेले कण दहा मिनिटांत गुठळ्या होऊन तळाशी बसतात. सल्फो-एनएचएसनं थोडा भार परत मिळतो. खरा उपाय मिश्र भिंत: नऊ भाग मेथॉक्सी-पेग-थायोल आणि एक भाग कार्बोक्सिल-पेग-थायोल, दोन्ही एकत्रच मिसळून टाकायचे. स्थिरतेचं काम पेगकडे, जोडणीचं काम त्या एका भागाकडे. कार्बोक्सिलची साखळी मेथॉक्सीपेक्षा थोडी लांब घेतली (उदाहरणार्थ ३,५०० आणि २,०००) तर ते टोक गर्दीतून बाहेर डोकावतं. तुम्हाला एमयूएच हवं असं प्रश्नात कुठे दिसत नाही, तेव्हा मी असतो तर थेट इथूनच सुरुवात केली असती.

आता वर्णपट कसा वाचायचा. थायोल नीट बसला की ५१९-५२० चं शिखर एक ते तीन नॅनोमीटर उजवीकडे सरकतं, आकार तोच राहतो. पाच-सहा नॅनोमीटर सरकलं आणि उजवा उतार ६००-७०० कडे उचलला गेला तर गुठळ्या सुरू झाल्या. नुसत्या शिखराच्या जागेवर विश्वास ठेवू नका, ६५० आणि ५२० च्या शोषणांचं गुणोत्तर लिहून ठेवा. चांगल्या सोलला ते ०.१ च्या जवळपास असतं आणि डोळ्यांना जांभळेपणा दिसायच्या आधीच चढायला लागतं. शोषण सगळीकडेच सारखं घटलं आणि आकार बदलला नाही तर कण गुठळ्या झालेले नाहीत, ते हरवले आहेत: कुपीच्या भिंतीवर, पिपेटच्या टोकात किंवा टाकून दिलेल्या पाण्यात.

डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून द्रावणातल्या कणांचा आकार मोजताना) सायट्रेटचे १३ नॅनोमीटरचे कण १५ ते २० दाखवतात, ५,००० पेगनंतर ३० च्या पुढे. झीटा (कणाच्या पृष्ठभागाचा भार दाखवणारं विभव) सायट्रेटला उणे ३०-४० मिलिव्होल्ट असतो, पेगनंतर तो शून्याकडे येतो. हे पाहून घाबरू नका. पेगची स्थिरता भारावर नसते, साखळीच्या जाडीवर असते. उलट झीटा अजून उणे ३० च असेल तर पेग बसलं नाही असं समजा.

सेंट्रिफ्यूजमध्ये जेवढे कण मरतात तेवढे रसायनात मरत नाहीत. १३ नॅनोमीटरसाठी १५,००० जी, ३० ते ४५ मिनिटं. पेगवाले कण हलके पडतात, त्यांना जास्त वेळ. ‘१३,००० आरपीएम’ असं लिहिलेल्या कृतीला अर्थ नाही. रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तरच ते साधारण १५,००० जी होतात. तापमान २० अंश ठेवा. थांबल्यावर तळाशी काय दिसतं ते पाहा. चांगला साका हा गडद लाल, तेलाच्या थेंबासारखा सैल असतो, कुपी कलती केली तर सावकाश ओघळतो. भिंतीला घट्ट धरलेली काळी चमकदार फिल्म दिसली तर ते कण गेले, त्यांना खरवडून सोलमध्ये मिसळू नका. तेच पुढच्या गुठळ्यांचं बी होतं. वरचं पाणी काढताना शेवटचे ५० मायक्रोलिटर सोडा. १,००० पैकी ९५० काढले की एका धुण्यात वीसपट, तीन धुण्यांत आठ हजारपट सुटा थायोल कमी होतो, त्यापुढे धुण्यात फायदा नाही. कोरे सायट्रेट कण मात्र एकदाही साध्या पाण्यानं धुऊ नका: सायट्रेटची ये-जा आहे, पाण्यातला संपला की पृष्ठभागावरचा सुटतो आणि सगळे प्लास्टिकला चिकटतात. धुवायचेच तर १-२ मिलिमोलार सायट्रेटमध्ये.

भांड्यांबद्दल एवढंच की मागच्या वेळचं सोनं काचेवर असेल तर नवे कण त्याच्यावरच वाढतात. आम्लराजानं (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक) धुवा, फ्यूम हूडमध्ये, ताजं करून. त्याची बाटली कधी बंद करू नका आणि ॲसिटोननं धुतलेलं ओलं भांडं त्यात टाकू नका. क्लोरोऑरिक आम्लाला स्टीलचा चमचा लावू नका: चमचा खातो आणि सोनं तिथेच उतरतं. काच किंवा प्लास्टिक वापरा. ते पाणीही फार ओढतं, म्हणून दर वेळी वजन करण्यापेक्षा पूर्ण ग्रॅमची कुपी एकदाच विरघळवून अंधारात ठेवा.

तुमच्या प्रश्नात नाही, पण हाच विचार इतर कणांना कुठवर लागतो ते सांगतो. सोन्याच्या कांड्या सीटॅबच्या (धनभारित साबणी रेणूच्या) दुहेरी थरात असतात. सीटॅब १ मिलिमोलारच्या फार खाली गेलं की थर विस्कटतो, म्हणून दोनदाच धुवायचं, तिसऱ्यांदा नाही. २५ अंशांखाली सीटॅबचे पांढरे स्फटिक पडतात. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ही बाटली नेहमीच पांढरी झालेली असते, ३० अंशांच्या पाण्यात धरा, मगच सेंट्रिफ्यूज करा. थायोल आधी कांडीच्या टोकांवर बसतो, कारण बाजूंवर सीटॅब दाट आहे. पेग कमी पडलं तर फक्त टोकं झाकली जातात आणि बाजू उघड्या राहतात, म्हणून पेग दोन फेऱ्यांत, दुसरी फेरी सीटॅब उतरवल्यावर.

कण टोल्युइनमध्ये न्यायचे असतील तर डोडेकेनथायोल चालतो, पण पाण्यातून थेट जात नाहीत. दोन्ही थरांना जोडणारा ॲसिटोनसारखा मध्यस्थ आणि भरपूर जोराचं ढवळणं लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं पाण्यातले धातूचे कण सेंद्रिय द्रावकात नेण्यावर बरंच काम केलं आहे. थेट सेंद्रिय द्रावकातच बनवायचे असतील तर १९९४ ची ब्रुस्ट-शिफ्रिन पद्धत. ओलिलअमीनवर उभे असलेले कण इथेनॉलनं धुताना जपा: अमीनचा सोन्याशी बंध थायोलच्या मानानं फार कच्चा, दोन धुण्यांत तो निघून जातो.

चांदीलाही थायोल बसतो, पण चांदी ऑक्सिडाइझ होते, म्हणून अंधार, ताजेपणा आणि क्लोराइडपासून दूर. पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचे कण उत्प्रेरक म्हणून हवे असतील तर थायोल घालू नका, गंधक जागा अडवून बसतो आणि क्रियाशीलता जाते. तिथे पीव्हीपीसारखा सैल रक्षक बरा. लोहाच्या ऑक्साइडला थायोलचा काही उपयोग नाही. त्याला कार्बोक्सिल, कॅटेकॉल किंवा फॉस्फोनेट लागतं. आणि तिथे पीबीएसमध्ये मीठ दोषी नसतं, फॉस्फेट दोषी असतं: ते लोहावर स्वतः जाऊन बसतं आणि तुमच्या कार्बोक्सिलला उठवतं. अशा कणांची मिठाची चाचणी साध्या मिठात आणि पीबीएसमध्ये वेगवेगळी करा, फरक लगेच दिसेल.

तयार सोल ४ अंशांत ठेवा, गोठवू नका. बर्फ बनताना कण आणि क्षार उरलेल्या पाण्यात एकत्र ढकलले जातात आणि सायट्रेटचे कण वितळल्यावर करडे निघतात. सायट्रेट हे बुरशीचं खाद्यही आहे. महिन्याभरानं बाटलीत तरंगणारा पांढरा धागा दिसला तर तो गुठळी नाही, बुरशी आहे, पण बाटली तरी टाकावीच लागते.